डालड्याच्या डब्यातल्या काचा

गोटीराम पगारे आमच्या शाळेचे शिपाई. मुली त्यांना मामा म्हणायच्या, हेडमास्तर यादव सर 'ए पगारे' म्हणायचे. हाक कशीही असो, मामा आपल्याच चालीने यायचे. नाशिकमधल्या त्या शाळेचं नाव मी सांगणार नाही. यादव सरांच्या सुना अजून मला बाजारात भेटतात.

सत्त्याहत्तर साली शहरातल्या एका धर्मादाय ट्रस्टने शाळेला विज्ञानाचं सामान दिलं. एक सूक्ष्मदर्शक, थोडी चुंबकं, स्पिरिटचे दिवे आणि पेटीभर परीक्षानळ्या. दोन वर्षांनी ट्रस्टची माणसं पाहायला येणार होती. काम पसंत पडलं तर प्रयोगशाळेची खोली बांधून देणार आणि दहावीनंतर सायन्सला जाणाऱ्या मुलींचा खर्चही उचलणार. यादव सरांनी सगळं सामान नव्या कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. "फुटलं तर ट्रस्टला काय तोंड दाखवू?" मग विज्ञानाच्या बाई सूक्ष्मदर्शक फळ्यावर काढून दाखवायच्या. चित्र सुरेख काढायच्या, खोटं कशाला बोलू!

कपाट वर्षातून एकदाच उघडायचं, खंडेनवमीला. झेंडू आमच्या मखमलाबादच्या मळ्यातला. सर स्वतः प्रत्येक वस्तूला हळदकुंकू वाहायचे. त्यांची भक्ती एवढी दांडगी, की पहिल्याच वर्षी त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या डोळा लावायच्या काचेवरच कुंकवाचं बोट टेकवलं. सरस्वती प्रसन्न झाली असेल, पण त्यातून दुसरं काही दिसायची सोय राहिली नाही.

मामा बौद्ध. पूजेला ते हात जोडायचे नाहीत, बाजूला शांत उभे राहायचे. नंतर पुसायचं काम मात्र त्यांचंच. खिडकीशी बसून त्यांनी कुंकू काढलं आणि काच साफ झाली का बघायला डोळा लावला. खाली झेंडूची पाकळी पडलेली होती. मी हाराचे दोरे गोळा करत होते, तर मला हाक मारली. "नवसा, इकडं ये. पाकळीत घरं हायेत गं! वळीनं घरं!" मामा चौथी शिकलेले. त्यांचा चेहरा मी विसरलेली नाही.

तेव्हापासून शनिवारी सकाळची शाळा सुटून सर घरी गेले, की मामा सरांच्या टेबलातली किल्ली घेऊन कपाट 'पुसायला' काढायचे. आम्ही सहाजणी पुस्तक उघडं ठेवून प्रयोग करायचो आणि मामा पाण्याची बादली घेऊन शेजारी उभे राहायचे. नळ्या फुटायच्या. मामा ओरडायचे नाहीत, तुकडे वेचून डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. "शाळेची चीज हाय. फुटली तरी शाळेचीच." उरलेल्या नळ्या ते कपाटात पुढच्या रांगेत उभ्या करायचे आणि सूक्ष्मदर्शकावर खंडेनवमीचा हार पुन्हा चढवायचे. मागची रांग रिकामी, पण यादव सर कधी वाकून बघणाऱ्यातले नव्हते.

ट्रस्टची माणसं यायची वेळ झाली तेव्हा मी दहावीत होते. वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं, "आर्टसला जा, नाय तर फुलं तोड. सायन्सचा खर्च आपल्याच्यानं व्हायचा नाय." म्हणजे माझं सगळं ट्रस्टच्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं.

ट्रस्टकडून यशोदाबाई आल्या, निवृत्त शिक्षिका. मी त्यांना गुच्छ दिला, आमच्यातल्या बाकीच्या पाचजणी माझ्या मागे उभ्या होत्या. सरांनी ऐटीत कपाट उघडलं. "बघा बाई, दोन वर्षांत एक वस्तू फुटलेली नाही!"

यशोदाबाईंनी सूक्ष्मदर्शकावरचा वाळलेला हार पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "मग आणखी सामान कशाला हवं तुम्हाला? असंच ठेवायला?" त्या पर्स उचलून निघाल्याच. माझं रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात मामा बाकाखालून डबा घेऊन पुढे आले. "बाई, फुटल्यात. लय फुटल्यात. मीच कपाट उघडून देत व्हतो पोरींना."

डबा टेबलावर पालथा झाला. सर लालबुंद झाले. "पगारे! उद्यापासून शाळेत पाऊल टाकायचं नाही!"

यशोदाबाई काचांकडे बघत राहिल्या. "कुणी फोडल्या?"

मामा टेबलावरचे तुकडे गोळा करायला लागले. मीच म्हणाले, "चार मी." मागून कुणीतरी म्हणालं, "माझ्या तीन." मग तर चढाओढच लागली, नळ्या होत्या त्याहून जास्त आमच्या फोडून झाल्या.

"तुझी कशी फुटली?" बाईंनी मला विचारलं.

"बाहेरून ओली होती, तशीच दिव्यावर धरली. आता आधी पुसून घेते."

बाई खुर्चीवर परत बसल्या. "यादव सर, खोली बांधू. मुलींचा खर्चही ट्रस्ट करेल. मात्र किल्ली पगाऱ्यांकडे राहील. त्यांना काढलंत, तर सामान परत नेईन."

मी सायन्सला गेले. वडिलांनी त्या दिवशी गुलाबाची टोपली ट्रस्टच्या दारात नेऊन ठेवली आणि तसेच परत आले. बी.एस्सी., बी.एड. करून मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा नव्या प्रयोगशाळेची किल्ली मामांच्याच करदोट्याला होती.

सत्त्याऐंशीत मामा निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं. मी विचारलं, "मामा, आणखी काय देऊ?" ते लाजले. "दहा वर्सं नळ्या धुतल्या, बाई. एकदा मला पोरींसंगं प्रयोग करू द्या."

मी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं. नळी नीट पुसून त्यांनी दिव्यावर धरली, पाणी उकळायला लागलं आणि आनंदाच्या भरात त्यांनी ती ओल्या फडक्यावर टेकवली. तड्‌! सगळ्या मुली वळून बघायला लागल्या.

मामांनी तुकडे वेचले, कोपऱ्यातला डालड्याचा डबा उघडला आणि एकेक तुकडा आत टाकला.

"आता माझीबी एक," ते म्हणाले आणि बाकावर परत येऊन दुसऱ्या नळीसाठी हात पुढे केला.