मटणवाल्या मामांना लागलेला घेवडा

मामा सोळाव्या वर्षी मटणाच्या दुकानात उभे राहिले, ते साठी उलटली तरी उभेच होते. "कडधान्यं म्हणजे पोटाची नुसती समजूत. अंगाला लागतं ते मटण," असं ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मनापासून सांगत.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल फार वाढलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिने मटण बंद, कडधान्यं खा.

"म्हणजे उपाशी राहा म्हणा ना!" मामा म्हणाले.

मामींनी डब्यात वाळल्या घेवड्याची उसळ आणि पाव दिला. मामा नाक मुरडत एक वाजता जेवले. तीनला पोटात कावळे ओरडणार म्हणून बिस्किटांचा पुडा हाताशी ठेवला. तीन वाजले, चार वाजले. कावळे गप्प. पाचला त्यांना वाटलं, आपल्याला बरं नाही.

"अहो, पोट भरलंय तुमचं," घरी मामी म्हणाल्या.

"घेवड्यानं?"

मामा हट्टाला पेटले. एक दिवस कोंबडी, एक दिवस घेवडा, आणि भूक लागेल ती वेळ कॅलेंडरवर. कोंबडीला साडेचार. घेवड्याला कधी पाच, कधी साडेपाच, आणि एकदा चक्क तीन! मामा खूश झाले. पण त्या दिवशी गप्पांच्या नादात निम्मा डबा शेजारच्या कुलूपवाल्यानं खाल्ला होता.

कॅलेंडर घेऊन ते दवाखान्यात गेले. "घेवड्यात तंतू असतात, म्हणून पोट जास्त वेळ भरल्यासारखं राहतं," बाई म्हणाल्या. "पण शिजवल्यावर तेवढ्याच वजनाच्या मटणात प्रथिनं जास्त. मटणातलं लोह अंगी लवकर लागतं. बी-बारा तर घेवड्यात नाहीच."

"मग जिंकलं कोण?"

"कुस्ती लागली नाहीये, मामा."

मामा परत गेले, डोक्यात आणखी गुंता घेऊन. आणि कडधान्यांना ठेवलेली नावं आठवता आठवता त्यांना बऱ्याच वर्षांपूर्वीची एक गिऱ्हाईकबाई आठवली. शिवणकाम करायची, दर रविवारी पोरांसाठी पाव किलो मटण न्यायची. एकदा मामा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "एवढ्यानं काय होतं? डाळीवर पोसता का पोरं?" ती पुन्हा आली नव्हती.

मामा तिचं घर शोधत गेले. ती मशीनवर बसली होती, केस पिकलेले.

"ताई, तेव्हा मी वेडंवाकडं बोललो."

"बोललात खरं," ती म्हणाली. "पोरं डाळीवरच वाढली. थोरला तुमच्यापेक्षा हातभर उंच आहे."

मामांनी मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "आलाच आहात तर सांगते, उद्या अर्धा किलो ठेवा. माझं रक्त कमी झालंय. मटण खा म्हणाल्या दवाखान्यातल्या बाई."

"कुठल्या बाई?"

तिनं नाव सांगितलं. त्याच!

"तुम्हाला मटण आणि मला घेवडा?"

"मला काय विचारता? तुम्ही मटणवाले."

दुसऱ्या दिवशी मामांनी तिच्यासाठी चांगला भाग निवडून कापला. पुडकं देताना म्हणाले, "सोबत मसूरही शिजवा, ताई." ती गेल्यावर ते ओटा पुसू लागले. डाळीवरून जिला टोचलं, तिलाच आता मसूर सांगितला; बोललो ते बरोबर की चूक, त्यांना काही उमगेना.