जावयानं आणलेला मासा

मासे निवडायला मला दोन महिने लागले. जावई निवडायला एक रविवार पुरला.

हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालो त्याच वर्षी लेकीचं लग्न झालं. घर सुनं वाटायला लागलं म्हणून हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी बसवली. अडीचशे लिटर पाणी. बायको म्हणाली, "माणसांशी कधी धड बोलला न्हाईसा, आता माशांशी बोला." तिचं काय चुकलं? पण मला नाद लागला होता.

राजारामपुरीतल्या माशांच्या दुकानात रोज संध्याकाळी जायचो आणि दुकानदाराचं डोकं खायचो. कुठला मासा कुणाबरोबर नांदतो? एंजल दिसायला राजस, पण निऑन टेट्रा त्याच्या तोंडात मावतो, म्हणजे आज ना उद्या खाणारच. मग टेट्रा मोठ्या अंगाचे घ्यायचे. टायगर बार्ब देखणा, पण दुसऱ्याच्या लांब पंखांचे लचके तोडायची त्याला खोड, नको. ऑस्कर पिल्लू असताना गोजिरवाणा, वर्षात वीतभर होतो आणि टाकी बापाची समजतो, तोही नको. गोरामीत नर एकच बरा. तळाला राहणारे कोरी सहा तरी हवेत, एकटा पडला की झुरतो. शेवटी दुकानदार वैतागला. "सर, मासं न्यायचं हायत का त्येंची सोयरीक जुळवायची हाय?" दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

खरी सोयरीक कशी जुळवली ते ऐका. कागलकडचं स्थळ. आठ एकर ऊस, हायवेला गाळे, पोरगा एकुलता एक, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. रविवारी गेलो, पोहे खाल्ले, विहीर बघितली, गोठा बघितला, कुळी विचारली, भावकी विचारली. पोराला राग आला की तो काय करतो, हे कुणी विचारलं नाही. दुकानात कुठल्याही माशाबद्दल माझा पहिला प्रश्न तोच असायचा, मारका आहे का? घरी आल्यावर लेकीनं विचारलं, "पप्पा, माणूस कसा वाटला?" मी म्हणालो, "घर लई भारी हाय." एवढा शिकलेला मास्तर, आणि ही अक्कल!

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला विष्णू मानून पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, कपडे आणि चांदीचं निरांजन द्यायचं. त्या दिवशी जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. आमचा विष्णू लेकीबरोबर आला तो हातात पाण्यानं फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. आत लालभडक फ्लॉवरहॉर्न, कपाळावर हे एवढं टेंगूळ.

"पप्पा, लई लकी असतोय ह्यो. घरात बरकत येती. सोडा टाकीत."

हा मासा एकटाच ठेवायचा असतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. लेकीलाही माहीत होतं, फोनवर माझ्या माशांच्या गप्पा तीच तर ऐकायची. ती हळूच म्हणाली, "अवो, ह्येला येगळा ठेवायला लागंल. बाकीच्यास्नी मारंल त्यो."

त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुला कुणी इचारलं?"

बायकोच्या हातातला डाव तिथंच थांबला. लेकीनं माझ्याकडं बघितलं. आणि मी, तिचा बाप, तिला म्हणालो, "तू गप गं. जावईबापूंनी हौसेनं आणलाय." टाकीचं झाकणही मीच उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक एंजल कोपऱ्यात पंख फाटून पडला होता. दुपारी गोरामी उलटा तरंगला. मी हळहळलो, त्या माशाला शिव्या घातल्या, पण जावयानं दिलेली वस्तू परत कशी करायची? तिसऱ्या दिवशी काचवाल्याकडं धावत गेलो, मापाची काच कापून आणली आणि टाकीत मधोमध उभी केली. तो एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. उरलेले सगळे वाचले.

तिकडून लेकीचे चोरून फोन यायचे. ताट फेकलं. माहेरी बोलू देत नाही. बोलता बोलता रडायची. मी म्हणायचो, "भांड्याला भांडं लागायचंच. जरा जमवून घे." बायको फोन हिसकावून घ्यायची आणि मग दिवसभर माझ्याशी बोलायची नाही.

दिवाळीच्या आधी एका दुपारी लेक एसटीनं एकटीच आली. हातात एक पिशवी. आईला सांगितलं, त्यानं हात उचलला, आणि पहिल्यांदा नव्हे. मी बाहेरच्या खोलीतून सगळं ऐकलं. मग ती येऊन टाकीसमोर बसली. बराच वेळ बघत होती.

"पप्पा, ही काच कवा बसवलासा?"

"तिसऱ्याच दिवशी," मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"माशास्नी तिसऱ्या दिवशी काच आणलासा," ती म्हणाली. "मला दोन वर्सं झाली, जमवून घे म्हंतासा."

लाज वाटायला हवी होती. मला राग आला. तिचा. बापाला असं बोलतात? मी उठून वरच्या खोलीत गेलो आणि जावयाला फोन लावला. रविवारी येऊन घेऊन जावा म्हणालो, चार माणसांत बोभाटा नको म्हणालो.

रविवारी तो आला. चहा घेतला. काचेवर टिचकी मारून म्हणाला, "मासा वाढलाय की पप्पा!" मी हसलो. बायको स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. लेक दारात पिशवी छातीशी धरून उभी होती. गाडीत बसत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. बाहेर शेजारी उभे होते. मी पुढं झालो. ती पिशवी सोडत नव्हती. मी तिच्या हातातून ती ओढून घेतली आणि नेऊन गाडीच्या डिकीत ठेवली.