सायकलमागून आलेला मिलिंदचा आवाज

भुताखेतांचे अनुभव लिहिणाऱ्यांची मला कायम कीव आली आहे. पिंपळ, पांढरी साडी, पैंजण... अरे, काहीतरी नवीन काढा! मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस. जे पुन्हा करून दाखवता येत नाही, ते माझ्या लेखी घडलेलंच नसतं. तरी आज इथे लिहायला बसलोय, आणि स्वतःचाच राग येतोय.

मी राहतो नेदरलँड्समधल्या लायडस्खेनडामला. आमचा सात-आठ मराठी मंडळींचा रोड सायकलिंगचा ग्रुप आहे, दर रविवारी सकाळी निघतो. पद्धत अशी, की पुढच्याने रस्त्यातला धोका ओरडून मागच्यांना सांगायचा. डच लोक डचमध्ये ओरडतात, आम्ही मराठीत. पण आमच्यातला मिलिंद कायम शेवटी, धापा टाकत, आणि तरी ओरडणार तोच — "खांब, राजे! खड्डा, राजे!" आम्ही खांब ओलांडून कुठच्या कुठे गेल्यावर! डोक्यात जायचा माझ्या.

गेल्या जानेवारीत सलग बर्फ पडला आणि ग्रुपवर रडारड सुरू झाली. रिस्क नको, पोरांना सर्दी, गुडघा दुखतो... मिलिंद तर बायकोबरोबर लांब टिलबर्गला, मित्राकडे हळदीकुंकवाला. हळदीकुंकवाला! मी लिहिलं, "घरी बसून स्वेटर विणा," आणि रविवारी साडेनऊला एकटा निघालो.

मोठ्या सायकलवाटांवर इथे बर्फ वितळायला मीठ टाकतात. तिथून काय, कोणीही जाईल. म्हणून मी मुद्दाम कुरणांमधली एक अनोळखी, अरुंद वाट धरली. खाली पांढरं, वर पांढरं, चिटपाखरू नाही. गार वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी मान खाली घालून सायकल दामटत होतो आणि मनात एकेकाची सालटी काढत होतो. तेवढ्यात अगदी मागच्या चाकाजवळून —

"डावीकडे, राजे! डावीकडे!"

मिलिंद. धापेसकट मिलिंद! आला वाटतं हा इथेही, म्हणून असा संताप आला... त्याला झापायला मी डावीकडे हँडल वळवत मागे पाहिलं. सायकल घसरली, मी आडवा झालो. पुढचं चाक बाजूला फेकलं गेलं, काहीतरी कडकन मोडलं आणि काळं पाणी वर आलं.

वाट तिथे डावीकडे वळत होती. समोर कालवा होता. वरचा पातळ बर्फाचा थर स्नोने झाकलेला, त्यामुळे जमीन कुठे संपते ते कळतच नव्हतं. माझे बूट पेडलला अडकवलेले. सरळ गेलो असतो तर सायकलसकट तळाला गेलो असतो. मागे पाहिलं, तर बर्फात एकाच सायकलच्या चाकांच्या खुणा होत्या. माझ्या. मी घाबरलो. तिथेच बसून रडलो, हो, रडलो.

मग मिलिंदला फोन लावला. मागे बायकांचा गलका, तोंडात तिळगूळ. "बोला राजे! पडलास ना?"

"नाही. तू कुठे आहेस?"

"टिलबर्गला रे, कालपासून. का?" मग म्हणाला, "एकटा जात जाऊ नकोस रे. सकाळपासून उगाच तुझी काळजी वाटतेय."

मी फोन ठेवला.

आता खाली कॉमेंटमध्ये "सबकॉन्शस माइंड" लिहायला सरसावलेल्या शहाण्यांनो, जरा थांबा. तिथे पाणी आहे हे मलाच माहीत नव्हतं, तर माझ्या सबकॉन्शसला कोणी कळवलं? आणि भक्तमंडळींनो, तुम्हीही नारळ घेऊन धावू नका.

बायको रोज म्हणते, "मिलिंदभाऊजींना सांगा तरी! जीव वाचलाय तुमचा." जमत नाही.

परवा त्यानेच विचारलं, "काय राजे, हल्ली सगळ्यांना सोडून माझ्या पुढ्यातच रेंगाळतोस?"

म्हटलं, "गुडघा दुखतो."