रोडग्यांचं पाणी

त्या शनिवारी मी देवाशी भांडायलाच निघाले होते. अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाणारी एस.टी. धरली, फाट्यावर उतरले आणि मे महिन्याच्या उन्हात टेकडीची वाट चालू लागले. टेकडीच्या पायथ्याशी मारुतीचं जुनं ठाणं आहे आणि त्याच्याभोवती पळस, सालई, मोहाची दाट झाडी. देवाचं रान म्हणून तिथे कुणी कुऱ्हाड लावत नाही. ते रान राखायला आम्ही शहरातली आणि गावातली काही माणसं एकत्र आलो होतो. हळूहळू गट विरत गेला. कुणाची बदली झाली, कुणाच्या घरात दुखणं आलं, कुणी नुसतंच कंटाळलं. मी शिवणकाम करणारी बाई, माझ्या मशीनची काही बदली होत नाही, म्हणून मी उरले. ठाण्यामागच्या खोलीत आमच्या बादल्या आणि विळे होते. ते आवरायचे आणि मारुतीला सांगून टाकायचं की आता माझ्याच्यानं होत नाही, एवढं ठरवून मी गेले होते.

खरं तर सुमनताई असती तर ही वेळ आली नसती. गट तिनंच उभा केला. ती बँकेत नोकरीला होती. घर बौद्ध, त्यामुळे ती मारुतीपुढे कधी वाकली नाही, पण माझा दिवा लावून होईपर्यंत बाहेर माझ्या चपला राखत उभी राहायची. "तुह्या देवाले सांग, झाडं माह्याकडं, बाकीचं त्याच्याकडं," असं म्हणून हसायची. आधी तिचे गुडघे गेले, मग पाठ, आणि शेवटी मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. आता ती वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत खाटेवर असते. फोनवर स्वतःच्या दुखण्याचं अवाक्षर काढत नाही. उन्हाळा उतरायला लागला की तिचा एकच प्रश्न असतो, "नवरंग आला का व?" नवरंग हा रंगीबेरंगी पक्षी मृगाच्या आगेमागे आमच्या रानात यायचा, पाचोळ्यात किडे वेचायचा आणि झाडीतून शीळ घालायचा. ती शीळ ऐकायला आम्ही दोघी पहाटेच्या अंधारात घरून निघायचो. गेली काही वर्षं तो आलेला नाही. मी "अजून नाही" म्हणते, ती "येईन तो" म्हणते. फोन ठेवल्यावर मला तिची इतकी आठवण येते की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं.

आमच्याकडे मारुतीला रोडग्यांचा नवस बोलतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, वांग्याची भाजी करायची, वरण करायचं आणि सगळ्या गणगोताची पंगत झाडाखाली बसवायची. आम्हाला त्या विस्तवाची धास्ती. एकदा ठिणगी उडून एक सालई जळाली, तेव्हा आम्ही ग्रामसभेत भांडून या रानातले रोडगे बंद करवले. आपण रान वाचवलं म्हणून खुशीत होतो. गाव आमच्यावर रुसलं, तेही आम्ही मनावर घेतलं नाही. पण रोडगे करायला येणारी माणसं आधी येऊन गवत कापायची, जागा झाडायची, ठाण्यापुढचं दगडी टाकं भरायची, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ती यायची थांबली, गवत कमरेएवढं वाढलं आणि वाळलं, टाकं कोरडं पडलं. विस्तव बंद करता करता आम्ही सगळ्या रानाचं सरपण करून ठेवलं होतं. दोन विळ्यांनी ते कितीसं कापलं जाणार?

त्या दिवशी बादल्या बाहेर काढल्या आणि मारुतीपुढे बसले, तर रडूच फुटलं. "सुमन नाई, नवरंग नाई, मानसं नाईत," मी म्हणाले. "मी एकटीनं काय काय धरू? आता तुहं तू पाय." यात भक्ती नव्हती. सरळ राग होता. डोळे पुसून उठले तर रस्त्याच्या बाजूनं धूर दिसला. बिडी टाकली कुणी की काय, देव जाणे. वाळल्या गवताचा तडतड आवाज यायला लागला आणि वारा ठाण्याच्याच दिशेनं होता. मी पळसाची फांदी मोडून गवत झोडपू लागले. फोन काढला तर रेंज नाही. मला रान दिसेना, फक्त सुमनताईचा फोन दिसत होता. ती विचारणार, आणि मी तिला काय सांगणार?

तेवढ्यात वाटेवरून ट्रॅक्टरचा आवाज आला. मागे पाण्याची टाकी, त्यामागे बायकामाणसांनी भरलेली गाडी. पुढे बसलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं धूर पाहिला आणि गाडी थांबायच्या आत ओरडली, "अरे, पायता काय! उतरा, पाणी घ्या!" मग पाण्याचे गुंड, परात, भगुणं, जे हाती लागेल ते भरून माणसं धावली. कुणी हिरव्या फांद्या मोडल्या, कुणी टाकीचा नळ धरला. तासाभरानं आग ठाण्याच्या अलीकडे विझली. उताराचा एक मोठा तुकडा काळा झाला होता. बाकीचं रान उभं होतं.

ती मंडळी मूर्तिजापूरकडची. म्हातारीचं माहेर याच गावचं. नातीच्या दुखण्यात तिनं इथल्या मारुतीला रोडगे बोलले होते, आणि नात बरी होऊनही नवस राहूनच गेला होता. इथे रोडगे बंद आहेत हे तिला ठाऊकच नव्हतं. "दरसाली म्हनतो जाऊ, दरसाली रायते," ती म्हणाली. "काल सकाळी काय मनात आलं काय मालूम, म्हटलं निघा." टाकी रिकामी झाली होती, कणीक भिजवायला थेंब उरला नव्हता. मला शरमल्यासारखं झालं. म्हटलं, माय, तुमचा नवस राहिला माझ्यापायी. तिनं माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं. "राहिला काहून? त्याले आज पाणीच पायजे होतं, त्यानं घेतलं. तू काहून रडतं?"

धूर पाहून गावातली माणसं पाण्याचे ड्रम घेऊन आली. ग्रामसभेपासून त्यांच्यातलं कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. आता विझलेल्या आगीपुढे त्यांनी ते ड्रम म्हातारीच्या भांड्यांत रिते केले. रोडगे भाजायचे कुठे, म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले. मीच जळालेल्या उताराकडे बोट केलं. तिथे पेटायला काही उरलंच नव्हतं. त्या काळ्या जमिनीवर गोवऱ्या रचल्या गेल्या आणि दुपार कलल्यावर आम्ही सगळे एका पंगतीला बसलो. बादल्या मी परत खोलीत ठेवल्या.

हा चमत्कार होता का, ते मला सांगता येणार नाही. ट्रॅक्टर उशिरा आला असता तर काय झालं असतं, हा विचार मात्र पाठ सोडत नाही. आता गावानं ठरवलंय, रोडगे करायचे ते त्याच मोकळ्या जागेत, आणि आधी गवत कापून, टाकं भरून. गटातलेही एकदोघे पुन्हा यायला लागलेत. रान मीच धरून ठेवलंय असं मला वाटायचं, म्हणून हात भरून आले होते. "तुहं तू पाय" हे त्या दिवशी मी रागानं म्हणाले. आता दर शनिवारी दिव्यापुढे हात जोडून म्हणते आणि विळा घेऊन निघते.

मृग लागला तसा सुमनताईचा फोन आला. "नवरंग आला का व?"

"अजून नाई," मी म्हणाले. "पन रोडगे झाले." आणि सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माह्या वाटचा ठेवला का नाई?"

खरंच ठेवला होता. तिच्या नावानं एक रोडगा ठाण्याच्या पायरीवर काढून ठेवला होता, जिथे ती चपला राखत उभी राहायची तिथे. मी पाणी प्यायला वळले आणि माकडानं तो उचलून नेला.

तेही मी तिला सांगितलं. ती हसली. जुनं, रानातलं हसू होतं ते, किती दिवसांनी ऐकलं.

"मंग पोचला म्हन," ती म्हणाली.