न विचारता टाकीत सोडलेला मासा

मंडळी, आज फार चीड आली आहे.

यजमान गेल्यापासून त्यांची खाऱ्या पाण्यातल्या माशांची मोठी टाकी मीच सांभाळते. त्यात त्यांनी जपलेली क्लाउनफिशची, म्हणजे इवल्याशा नारिंगी-पांढऱ्या माशांची, जोडी होती.

सकाळी बेसाहून दीर आले. मी चहा ठेवत होते, तेवढ्यात त्यांनी टाकीत लायनफिश सोडला.

“अहो, हा लहान मासे गिळतो!”

“काही नाही होत वहिनी. दादाची टाकी सुनी दिसून राहिली होती.”

त्याचे काटे विषारी. मला एकटीला तो काढता येईना. दुपारपर्यंत जोडीतला एक मासा त्यानं खाल्ला.

दीर तोवर घरी परतले होते. त्यांना फोन केला, तर म्हणाले, “मासाच तर होता. तुम्हाले दुसरा आणून देतो.”

माणूस गेलं की त्याच्या वस्तूंबद्दल कोणालाच विचारायचं नसतं का? मी आहे ना अजून घरात!