उचलू नका, अजून हाय

माझं सगळं बदललं ते गाणं संपल्यानंतर. गाणं संपतं, सुई अजून तबकडीवरच असते आणि नुसती खरखर ऐकू येत राहते, त्या जागी. तिथे एका मुलीचा आवाज आला, "उचलू नका, अजून हाय."

थोडं मागून सांगतो. जुन्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या रेकॉर्ड्स ऐकणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. नाव 'खरखर'. ज्याच्या हाती जे लागेल ते तो टाकतो आणि बाकीचे त्यावरून भांडतात. पेणच्या समेळकाकांनी तिथे एक रेकॉर्डिंग टाकलं. तबकडीचं लेबल सोलून गेलेलं. मराठी पद, समुद्र दुभंगून वाट झाली त्या गोष्टीचं. गाणारी बाई कोण ते कुणालाच माहीत नाही. गाणं संपल्यावर थोड्या खरखरीनंतर ही बाई, आता यंत्र बंद झालं असं समजून, समोरच्याला काहीतरी विचारते. ग्रुपचं म्हणणं, ती "चाललं का?" विचारते. माझं म्हणणं, "झालं का?" यावरून पंधरवडाभर रण पेटलं होतं. शेवटी मी समेळकाकांना लिहिलं की तुमच्या कानात शाडू गेलाय. त्यांचा गणपतीचा कारखाना आहे, त्यामुळे ते लागलं.

पण खरं सांगायचं तर मी ते रेकॉर्डिंग त्या बाईसाठी ऐकतच नव्हतो. कुणाच्या तरी घरी ग्रामोफोन लावून मोबाइलवर ते घेतलेलं, त्यामुळे घरातला आवाजही त्यात आलेला. "उचलू नका, अजून हाय." घाई नाही, लाडिकपणा नाही. जगात कुणीतरी शेवटपर्यंत ऐकणारं आहे, असं वाटायचं. इंजिनिअरिंग मी तिसऱ्या वर्षात अर्धवट सोडलं, सध्या पनवेलला झेरॉक्सच्या दुकानात बसतो. मशीनच्या घरघरीत कानात इअरफोन आणि त्यात तेवढंच एक वाक्य. एका शनिवारी दुकानाला दांडी मारली आणि तिला शोधायला निघालो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कुणी याला नुसतं रोहा दर्शन समजू नये.

पनवेलहून रोह्याला मेमू जाते. गाड्या मोजक्याच आहेत, वेळ बघूनच निघा. तिकीट इतकं कमी की काढताना लाज वाटते. आपट्यानंतर डबा रिकामा होतो आणि खिडकी मिळते. हमरापूर आलं की रुळांच्या बाजूला प्लास्टिक ताणलेल्या शेड दिसू लागतात, आत रंग न लागलेले पांढरे गणपती रांगेने बसलेले. पेण आल्याचं त्यांच्यावरूनच कळतं. पेणला कुणी 'कारखाना' म्हणालं तर चिमणी शोधू नका, तिथे कारखाना म्हणजे गणपतीचाच.

समेळकाकांचा कारखाना स्टेशनपासून रिक्षाने पाच-सात मिनिटांवर. कुठल्याही कारखान्यात आत जायला कुणी अडवत नाही, फक्त हंगामात कारागिरांना बोलायला वेळ नसतो आणि ओल्या मूर्तीजवळ सॅक पाठीवर ठेवून वळू नका. मी वळलो. एका उंदराचा कान गेला.

"शाडू कानात गेला की असा जातो," समेळकाका म्हणाले. ही त्यांची आणि माझी पहिली प्रत्यक्ष भेट.

मी माफी मागितली, कानाची. दुसऱ्या गोष्टीची मागितली नाही, त्यांनीही मागायला लावली नाही. खुर्ची सरकवली आणि लॅपटॉप उघडला. माणूस हौशी, पण हात शिवशिवणारा. समोरची मूर्ती पुरी झालेली, तरी बोलता बोलता तिच्या सोंडेवरून बोट फिरवून काहीतरी सारखं करत होते.

"मूळ रेकॉर्डिंग ऐकलंस तर पळून जाशील," ते म्हणाले. "यंत्राची स्प्रिंग थकलेली. तबकडी रडत होती नुसती. मी वेग चढवला, चांगला चढवला, तेव्हा कुठे ती बाई बाई वाटायला लागली."

मी म्हटलं, छान केलंत. माझ्यासारख्या माणसाला तिथेच काहीतरी कळायला हवं होतं. पण माझं लक्ष पत्त्याकडे होतं.

"पत्ता देतो की. रोह्याच्या बाजूला वरसे, मोरे म्हणून आहेत. पण तुला नेमकं काय पाहिजे?"

मी फोन काढून ते वाक्य ऐकवलं आणि विचारलं, ही कोण. काका म्हणाले, मोरेंनी फाइल पाठवली फक्त, घरी गेलो नाही. तेवढ्यात समेळकाकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या थांबल्या.

"परत लाव बघू." मी लावलं. "ही नवऱ्याला बोलतेय," काकू म्हणाल्या.

"कशावरून? वडिलांनाही 'नका' म्हणतात."

"वडिलांना म्हणताना 'बाबा' लावतात मागेपुढे. सासऱ्याला 'मामंजी', भावाला 'दादा'. काहीच लावलं नाही, म्हणजे नवरा."

"आजकालच्या मुली नाही लावत काही," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण रंगकाम करणारा एक जण वळून बघायला लागला.

"बरं बाबा," काकू म्हणाल्या. "नाही लावत."

काका हसले आणि पुन्हा सोंडेकडे वळले. पेणमध्ये पोह्याचे पापड घ्यायचेच असतात. मी दोन पाकिटं घेतली, एक मोरेंच्या घरी न्यायला. त्यांच्या म्हणजे तिच्या.

पुढची गाडी यायला बराच वेळ होता, तोपर्यंत स्टेशनबाहेर मिसळ खाल्ली. ती जेमतेम होती, नाव सांगत नाही. गाडीत समोर दोन बायका रिकाम्या टोपल्या पायाशी घेऊन बसल्या होत्या. "काय गो, सगला खपला?" "व्हय. सुकट राहिली मूठभर, ती घरात खपंल." नागोठण्यानंतर दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि मधूनच खाडीचं पाणी. निडीला गाडी थांबली, एक बाई कोंबडी बगलेत घेऊन उतरली, तेवढंच. नंतर रोहा. ही गाडी इथून पुढे जात नाही, त्यामुळे झोप लागली तरी भीती नाही.

स्टेशनपासून वरसे शेअर रिक्षाने. नव्या इमारती उठतायत, मध्येच जुनी कौलारू घरं. मोरेंचं घर असंच, पुढे पत्र्याची पडवी. दार लागेना म्हणून एक गृहस्थ त्याला खांद्याने ढकलत होते. मी म्हटलं, मोरेकाका?

"पावसात लाकूड फुगतंय," ते म्हणाले. "ये. समेळांचा फोन आला व्हता. उंदराचा कान तूच मोडलास ना?"

मोरेकाका धाटावच्या कंपनीतून रिटायर झालेत. आयुष्य शिफ्टमध्ये गेल्यामुळे अजूनही दुपारी दोनला आपोआप घड्याळ बघतात. घरात ते आणि मोरेकाकू. साठीच्या पुढच्या, आवाज जरा बसका, चालताना गुडघ्यावर हात. मी पापड दिले आणि घर बघून घेतलं. तिसरं माणूस नव्हतं. बाहेर गेली असेल, असं मी धरून चाललो.

ग्रामोफोन कोपऱ्यात, वर धुतलेला टॉवेल. मी लगेच तिकडे गेलो.

"आज नाय," काका म्हणाले. "शनवार हाय."

वाचकहो, हे लिहून ठेवा. वरसेला शनिवारी जाऊ नका, किंवा गेलात तर वेळ काढून जा. मोरे पूर्वी रोह्यात भाड्याने राहायचे तेव्हा शेजारी रेबेकाबाय होत्या. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे. घरची माणसं एकेक करून इस्रायलला गेली, शेवटी त्याही मुलाकडे गेल्या. जाताना यंत्र आणि तबकड्या मोरेंना दिल्या आणि एकच अट घातली, शनिवारी याला राबवायचं नाही.

"ती गेली, शनवार ऱ्हायला," काका म्हणाले. "ती तारे बघून शनवार सोडायची. पावसात तारे कुठं दिसतात? आमी रस्त्यावरचे दिवे लागले की सोडतो."

म्हणजे संध्याकाळपर्यंत थांबणं आलं. मला वाईट वाटलं नाही. तोपर्यंत ती येईल.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि जवळ्याची चटणी. रोह्याला येऊन हॉटेलात जेवणाऱ्यांची मला आता दया येते. काकू वाढता वाढता विचारत होत्या, घरी कोण कोण, भाकरी आवडते का, एवढा बारीक कसा. दुपारी शेजारची एक मुलगी दारात आली. माझ्याच वयाची. मी हातातला घास तसाच धरून तिने तोंड उघडायची वाट बघितली. "काकू, वाटी द्यायला आले," ती म्हणाली. हा आवाज नव्हता. मी घास खाल्ला.

नंतर काका मला कुंडलिकेच्या काठाने फिरवून आले. नदीला पाणी भरपूर, गढूळ.

"कॉलेज का सोडलंस?"

"सरांशी वाजलं."

"मग सर सोडायचा. कॉलेज कशाला?"

घरी वडील तासभर बोलतात तेव्हा मी वाद घालतो. इथे एक खडा उचलून पाण्यात टाकला. मी विचारलं, तुमच्या घरी मुलगी आहे का. दोन मुलगे, ते म्हणाले, दोघं पुण्याला. भाची, पुतणी? "हायेत की," काका म्हणाले, "तुला कितवी पायजे?" आणि नदीकडे बघत राहिले. मी विषय बदलला.

दिवे लागले तेव्हा काकांनी टॉवेल काढला, घडी घातली, चावी फिरवली. स्प्रिंग थकलेली दिसेना. मी तसं म्हटलं.

"थकंल कशी? दर गणपतीला शिलाई मशीनचं तेल घालतो."

तबकडी फिरू लागली. तेच पद, पण संथ आणि खालच्या सुरात. गाणारी बाई नव्हती. भरल्या गळ्याचा, खणखणीत पुरुष होता.

"हा कोण?" मी विचारलं.

"रेबेकाबायचा मामा," काका म्हणाले. "कीर्तन करायचा. खाडीचा बांध फुटला तरी लोक म्हणायचे, मामाला बोलवा, तो समुद्र मागं सारतो."

म्हणजे आमच्या ग्रुपने पंधरवडाभर जिच्यावर जीव टाकला ती बाई समेळकाकांनी घडवली होती. सोंडेसारखी, बोटाने सारखी करून. मला हसू आलं. पुढचं अजून डोक्यात शिरलं नव्हतं.

गाणं संपलं. खरखर सुरू झाली. काकांनी हात पुढे केला.

"उचलू नका," काकू म्हणाल्या, "अजून हाय."

तेच शब्द. 'नका' आणि 'अजून'च्या मध्ये तेवढीच जागा. फक्त खालच्या सुरात, बसक्या आवाजात, जो मी दुपारपासून ऐकत होतो आणि ज्या आवाजाने विचारपूस करत भाकरी वाढली होती. समेळकाकांनी मामाचा वेग चढवला तेव्हा घरातलं सगळंच चढलं होतं. तबकडीतून मामा म्हणाला, "झालं का?" अगदी स्वच्छ. मी भांडण जिंकलो होतो.

"काय रं," काका म्हणाले, "तोंड का पडलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण इतक्या लांब आल्यावर कंटाळा आला. फोन काढला, रेकॉर्डिंगचा शेवट लावला आणि सांगितलं की मी हिला शोधत आलो होतो.

काका इतके हसले की त्यांना पडवीत जाऊन खोकावं लागलं. "अवो, बाहेर येऊन ऐका," ते तिकडून म्हणाले, काकूंनाच 'अवो' म्हणत, त्यांची नक्कल करत. "पनवेलवरनं स्थळ आलंय तुमाला. पापड पन आणलेत."

काकू हसल्या नाहीत. "परत लाव," त्या म्हणाल्या. मी लावलं. "परत." फोन त्यांनी हातात घेतला, कानाशी धरला. पदराने हात पुसला आणि पुन्हा धरला.

काका दारात येऊन उभे होते. हसायचे थांबले होते.

"असाच व्हता," ते म्हणाले. मला की काकूंना, कळलं नाही. "लग्नात उखाणा घेतला तवा. माझं नाव घेतलं त्या दिवशी. तेवढंच एकदा."

"गप बसा," काकू म्हणाल्या.

घरी येऊन आठवडा झालाय. येताना रोह्याहून एसटी मिळाली, हायवेच्या खड्ड्यांवर वेगळा लेख होईल, तो दुसऱ्या कुणी लिहावा. समेळकाकांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे बाई गेली म्हणायची." ग्रुपवर आता मूळ वेगाचं रेकॉर्डिंग आहे, भांडण नवीन आहे, मी त्यात नाही. दुकानात इअरफोन लावतो, पण तेवढंच वाक्य लावत नाही, पूर्ण मामा ऐकतो. राहिलं काय, असं कुणी विचारलं तर सांगता येतं: बिरडं, नदी, टॉवेलची घडी. मुलगी नव्हती असं मात्र म्हणता येत नाही. ती होती. मला फार उशीर झाला आणि तिचं लग्न चांगल्या माणसाशी झालं, एवढंच.

निघताना काय झालं ते सांगायचं राहिलं. काकांनी माझ्याकडून ते चढवलेलं रेकॉर्डिंग आपल्या फोनवर घेतलं. मी चपला घालत होतो तेव्हा दोघं पलंगावर शेजारी बसले होते, फोन मध्ये ठेवून. कसं पुन्हा लावायचं ते काकांना जमत नव्हतं, काकू दाखवत होत्या. मी येतो म्हटलं.

"सावकाश जा," काकू मान वर न करता म्हणाल्या. "आन् दार ओढून घे रं. फुगलंय, जोर लाव."

मी पडवीत आलो. आत खरखर सुरू झाली, मग ती बोलली, "उचलू नका, अजून हाय." मामाचं "झालं का?" यायच्या आत मी जोर लावून दार ओढून घेतलं.