नणंदबाईंचा मागचा पाय

माणसांच्या पायांकडे माझ्या नणंदेइतकं बारकाईनं बघणारं जाफराबादेत दुसरं कोणी नसेल, चपला विकणारे धरूनसुद्धा. आक्का शाळेत खेळाच्या शिक्षिका, वय पन्नाशीपलीकडे आणि वेड एकच, तलवारबाजी. स्वयंपाकघरात ओट्यापासून फ्रिजपर्यंत त्या कधी साध्या चालत गेल्या नाहीत. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, एक पाय पुढे टाकत सरकत जायच्या आणि हातातल्या पातेल्यातलं वरण जरासुद्धा हिंदकळायचं नाही. माझ्या लेकीला बघायला मुलगा आला, तर त्याला पोहे खाता खाता उठवून चार पावलं पुढे, चार मागे चालायला लावलं. "सगळा भार टाचंवर हाय. असा माणूस वेळेला हलत न्हाई," असा निकाल त्याच्यासमोरच दिला. लग्न झालं ते झालंच. पण लेक सांगते, आक्कांचा फोन आला की जावईबापू आजही पंजांवर उभे राहून बोलतात.

मला पंचेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. आक्कांच्या कानावर गेलं आणि मी गच्चीवर खडूनं आखलेल्या रेघेवर आले. तीन महिने नुसतं पुढे-मागे. "आक्का, तलवार कधी देणार?" विचारलं की म्हणायच्या, "पाय काय म्हणून राह्यले ते ऐक आधी. हातानं कोणीबी मारतं." शेवटी तलवार मिळाली. मग दर रविवारी शाळेच्या हॉलमध्ये आमची लढत. तीन वर्षांत माझी तलवार त्यांना एकदाही लागली नाही.

पुढे जालन्याला प्रौढ महिलांची स्पर्धा झाली. नावं मोजकीच आली होती, त्यामुळे अंतिम लढत नणंद-भावजयीचीच लागली. घरचे जीप भरून आले होते. माझा नवरा मात्र बहिणीच्या नावानं ओरडावं की बायकोच्या, या पेचात गप्प बसून होता. लढत पाच गुणांची. आक्कांचे चार झाले, माझा भोपळा. तेवढ्यात मला दिसलं की मागे सरकताना त्यांचा मागचा पाय किंचित उशिरा येतोय. गुडघा दुखत होता आणि त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. माझा हात थबकला.

जाळीच्या मुखवट्याआडून आक्का गरजल्या, "दिसलं ना? मंग थांबून का राह्यली? ये!"

मी हूल दिली, त्यांना मागे रेटलं आणि पुढचा पाय लांब टाकला. तलवार त्यांच्या खांद्याला टेकली. पंचांचा हात वर जायच्या आत आक्काच ओरडल्या, "लागली! बराबर लागली!" आणि मुखवटा काढून मला मिठीच मारली. पंचांनी दोघींना समज दिली. पुढचा गुण त्यांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत घेतला आणि सामना जिंकला. परतीच्या वाटेवर मात्र आपल्या सुवर्णपदकाचं नावही न काढता त्या जीपभर माझ्या एका गुणाचं कौतुक सांगत होत्या.

त्यानंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता त्या खुर्चीत बसून शिकवतात, आवाज होता तसाच. लढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. "दिवाळीनंतर बघू," असं आक्का म्हणतात. अशा दोन दिवाळ्या झाल्या. रविवारी हॉल उघडला की मी आधी त्यांची तलवार पुसून ठेवते, मग माझी हातात घेते.